समुद्राच्या पाण्याच्या नळात तयार झालेला सल्फाइड : एका मत्स्यबीज केंद्राचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे केंद्र समुद्री माशांचे बीज तयार करते आणि त्याचे सगळे पाणी थेट समुद्रातून येते. २५० मिमी आतील व्यासाचा एचडीपीई नळ किनाऱ्यापासून ६४० मीटर आत गेलेला आहे. किनाऱ्याकडच्या टोकाला झाकणबंद काँक्रीटची संपविहीर (नळातले पाणी जमा होणारी विहीर) आहे : खोली ४ मीटर, पण पाणी जेमतेम ३ घनमीटर. तिथून तासाला ६० घनमीटर उचलणारा पंप पाणी वाळूच्या गाळणांतून ६० घनमीटरच्या उंच टाकीत चढवतो. गाळणांच्या आधी एक फ्लश व्हॉल्व्ह आहे. तो उघडला की पाणी टाकीकडे न जाता चरातून बाहेर पडते.

नळाच्या आतल्या भिंतीवर नेहमीसारखी वस्ती होती : जिवाणूंचा बुळबुळीत थर, हायड्रॉइड (झुडपासारखे दिसणारे बारीक समुद्री जीव), बार्नेकल (चिकटून राहणारे कवचधारी जीव), लहान शिंपले. नळ चोंदलेला नव्हता आणि प्रवाहही घटला नव्हता.

विजेचे पॅनेल बदलण्यासाठी पंप १९ दिवस बंद ठेवायचे ठरले. हौदांतले पाणी जैवगाळणातून फिरवून वापरायची तयारी झाली. खाद्य कमी केले, अमोनियाच्या चाचण्या वाढवल्या. नळात अडकून राहणाऱ्या पाण्याचा मात्र नियोजनाच्या कागदावर कुठेच उल्लेख नव्हता. पाण्याचे तापमान तेव्हा २८ अंश सेल्सिअस होते.

बंद नळात काय घडले

नळात ३१.४ घनमीटर पाणी मावते. २८ अंशांना हवेशी समतोल असलेल्या समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ६.४ मि.ग्रॅ. ऑक्सिजन विरघळतो, म्हणजे अख्ख्या नळात २०० ग्रॅम. पाणी थांबले की एवढा साठा शिंपले आणि जिवाणू एक-दोन दिवसांत संपवतात. त्यानंतर भिंतीवरचे जीव मरू लागतात आणि त्यांचे मांसच जिवाणूंचे खाद्य होते.

गोड्या पाण्यात ही गोष्ट बरीचशी इथेच थांबली असती. समुद्राच्या पाण्यात मात्र लिटरला २.७ ग्रॅम, म्हणजे २८ मिलिमोल (मोल हे रेणूंची संख्या मोजायचे एकक) सल्फेट असते. डिसल्फोव्हिब्रिओ, डिसल्फोबॅक्टर यांसारखे जिवाणू ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरून सेंद्रिय पदार्थ कुजवतात आणि त्यातून सल्फाइड बाहेर पडतो. सल्फेटचा एक रेणू ऑक्सिजनच्या दोन रेणूंचे काम करतो. त्या हिशेबाने समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनच्या अडीचशेपटीहून जास्त ‘श्वास’ सल्फेटच्या रूपात शिल्लक असतो. सल्फेट संपून ही क्रिया थांबेल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही. ती थांबते ती कुजायला काही उरले नाही तरच.

एकोणीस दिवसांनी पंप सुरू करून फ्लश व्हॉल्व्हमधून पाणी बाहेर सोडले, त्या फ्लशच्या पाचव्या मिनिटाला लवणता तपासण्यासाठी एक बाटली काठोकाठ भरून घट्ट बंद केली होती. पुढे तपासाला सगळ्यात जास्त उपयोग तिचाच झाला. तिच्यात सल्फाइड लिटरला ४१ मि.ग्रॅ. निघाला (या लेखातले सल्फाइडचे सगळे आकडे गंधकाच्या वजनात आहेत), पीएच ७.१ आणि क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद, लिटरला ४.८ मिलिइक्विव्हॅलंट. समुद्राच्या पाण्याची नेहमीची क्षारता २.३ च्या आसपास असते. सल्फेटचा एक रेणू सल्फाइड झाला की क्षारता दोन एककांनी वाढते. ४१ मि.ग्रॅ. म्हणजे १.२८ मिलिमोल, म्हणून वाढ २.५६ व्हायला हवी, आणि प्रत्यक्ष वाढ जवळपास तेवढीच होती. प्रथिनांतले गंधकही कुजताना सल्फाइड देते, पण इथला मुख्य स्रोत सल्फेटच होता, हे या दोन आकड्यांच्या मेळातून कळते.

पाणी इतके बिघडायला नळात किती घाण असावी लागते? ३१.४ घनमीटरमध्ये ४१ ग्रॅम प्रमाणे १.३ किलो सल्फाइड झाला. त्यासाठी साधारण १ किलो कार्बन कुजावा लागतो. ओल्या मांसात पाचवा हिस्सा कोरडा पदार्थ आणि त्यात ४५ टक्के कार्बन धरला, तर ११ किलो मांस पुरते. नळाची आतली भिंत ५०० चौरस मीटर आहे, म्हणजे चौरस मीटरला फक्त २२ ग्रॅम. आपला नळ साफ आहे असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब एकदा स्वतःच्या नळासाठी करून पाहावा.

पाणी सुरू केले त्या दिवशी

पंपाशेजारी लटकवलेल्या कार्डावर ‘बंदनंतर २० मिनिटे फ्लश’ असे लिहिलेले होते. नळ ३८० मीटरचा होता तेव्हाची ही सूचना. त्या नळात १८.७ घनमीटर पाणी मावत असे आणि २० मिनिटांत ते बदलून जाई. पुढे नळ खोल पाण्यापर्यंत ६४० मीटर वाढवला, कार्ड मात्र जुनेच राहिले. आता नळ आणि संपविहीर मिळून ३४ घनमीटरपेक्षा जास्त पाणी बदलायचे होते. २० मिनिटांत गेले २०.

फ्लशच्या सुरुवातीला सडक्या अंड्यांसारखा तीव्र वास आला आणि काही मिनिटांत ‘कमी झाला’. पाणी स्वच्छ झाल्याची खूण समजून व्हॉल्व्ह टाकीकडे वळवला गेला. खरे म्हणजे वास कमी झाला नव्हता, नाक बधिर झाले होते. हायड्रोजन सल्फाइडचा वास अगदी सूक्ष्म प्रमाणातही येतो, पण त्यात थोडा वेळ उभे राहिले की घ्राणशक्ती थकते. १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास ती फार लवकर जाते. पाणी सुरक्षित झाले की नाही हे नाकावर सोडण्यातला धोका हाच आहे.

टाकीत आधी ३० घनमीटर चांगले पाणी होते. बाराव्या मिनिटाला टाकीवरच्या माणसाला पाणी दुधाळ दिसले आणि त्याने पंप थांबवायला लावला. तोवर १२ घनमीटर सल्फाइडयुक्त पाणी वर चढले होते. टाकीतून हौदांकडे जाणारा मुख्य व्हॉल्व्ह बंद असल्यामुळे प्रजननाचे मासे वाचले. टाकीच्या आधीच्या फाट्यावर पिल्लांचा एक हौद जोडलेला होता. त्यातली सुमारे दोनशे पिल्ले अर्ध्या तासात मेली.

धोक्याचे माप

एकूण सल्फाइडपेक्षा तो कोणत्या रूपात आहे, हे जास्त महत्त्वाचे. पाण्यात तो दोन रूपांत असतो : विद्युतभार नसलेला हायड्रोजन सल्फाइड आणि ऋणभारित बायसल्फाइड. पहिला कल्ल्यांतून सरळ आत शिरतो आणि हवेतही उडतो, दुसरा उडत नाही. समुद्राच्या पाण्यात दोन्ही समसमान असतात ते ६.६ च्या जवळपासच्या पीएचला. म्हणून पीएच ८.१ ला हायड्रोजन सल्फाइड फक्त ३ टक्के, ७.७ ला ७ टक्के आणि नळातल्या ७.१ ला जवळपास २४ टक्के असतो.

टाकीत मिसळल्यावर सल्फाइड लिटरला ११ मि.ग्रॅ. भरला आणि पीएच ७.७. म्हणजे हायड्रोजन सल्फाइड ०.८ मि.ग्रॅ., ८०० मायक्रोग्रॅम. जलचरांसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने सुचवलेली मर्यादा आहे २ मायक्रोग्रॅम.

पहिला निर्णय : विहिरीत उतरायचे का?

पंप थांबवल्यावर संपविहिरीतला फ्लोट (पाण्याची पातळी कळवणारा तरंगता गोळा) अडकलेला आढळला. तंत्रज्ञाने झाकण उघडले आणि शिडी लावली. पाळीच्या प्रमुखाने त्याला थांबवून आधी गॅस मीटर दोरीने खाली सोडायला लावला. झाकणाशी ३८ पीपीएम, मध्यावर १२०. अमेरिकेच्या नायॉश (NIOSH) या कामगार-सुरक्षा संस्थेच्या शिफारशीनुसार काम करणाऱ्यासाठी १० पीपीएम ही दहा मिनिटांची कमाल मर्यादा आहे, तर १०० पीपीएम म्हणजे जिवाला तात्काळ धोका.

हा आकडा कुठवर जाऊ शकला असता तेही पाहायला हवे. नळातल्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड लिटरला १० मि.ग्रॅ. होता. त्याच्याशी समतोल साधलेल्या हवेत हा वायू ३,००० पीपीएमच्या घरात जातो. हजार पीपीएमच्या आसपास माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो. पाणी जितके आदळते, खळखळते, तितका वायू लवकर सुटतो, आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतो. या एका निर्णयापुढे बाकीचे सगळे निर्णय दुय्यम आहेत. ‘दोन मिनिटांचे काम’ म्हणून खाली उतरलेला माणूस आणि त्याला काढायला गेलेला दुसरा, दोघेही जातात.

ब्लोअरची नळी तळापर्यंत सोडून ४० मिनिटे हवा खेळवली. मीटर २ पीपीएमवर आला, तरी फ्लोट वरूनच आकड्याने सोडवला. झाकणाखालचे काँक्रीट पांढरे, मऊ पडलेले तेव्हा लक्षात आले. ओल्या काँक्रीटवर वायू बसतो, गंधक खाणारे जिवाणू त्याचे सल्फ्युरिक आम्ल करतात आणि सिमेंट पोखरले जाते. अशी खूण एकोणीस दिवसांत पडत नाही. थोडाथोडा सल्फाइड आधीपासूनच तयार होत होता, हे ते काँक्रीट सांगत होते.

दुसरा निर्णय : टाकीतल्या ४२ घनमीटर पाण्याचे काय?

चार वाटा समोर होत्या.

हवा खेळवून वाट पाहायची, ही पहिली. ती सर्वांना आवडली, कारण तिला काही विकत आणावे लागत नाही. पण पीएच ८ ला सल्फाइडचा ९६ टक्के भाग उडतच नाही. शिवाय बुडबुड्यांनी कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच आणखी चढतो आणि उडणे आणखी कमी होते. उरतो तो ऑक्सिजनशी रासायनिक संयोग. स्वच्छ, हवेशी समतोल असलेल्या समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना सल्फाइड निम्मा व्हायला साधारण २६ तास लागतात. लोह-मँगनीजचे अंश आणि गंधक खाणारे जिवाणू असले तर वेळ खूप कमी होतो, पण ताज्या टाकीत ते पुरेसे असतीलच असे धरता येत नाही. ११ वरून ०.०५ मि.ग्रॅ.वर यायला निम्मे होण्याच्या आठ पायऱ्या, म्हणजे आठ-नऊ दिवस. हौदांना इतका वेळ नव्हता.

टाकी चरातून समुद्रात सोडायची, ही दुसरी वाट. चराचे तोंड उथळ, संथ पाण्यात होते. १ ग्रॅम सल्फाइडचे सल्फेट व्हायला २ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे ही टाकी किनाऱ्यालगतच्या पाण्यातून जवळपास १ किलो ऑक्सिजन ओढणार होती. ही वाट योग्य कारणाने बाजूला पडली. आदल्या २० मिनिटांत मात्र तेच घडून गेले होते, आणि ते पाणी त्याहून चौपट घट्ट होते.

तिसरी, हायपोक्लोराइट. पूर्ण सल्फेट करायला १ ग्रॅम सल्फाइडला जवळपास ९ ग्रॅम क्लोरीन लागते. इथे ४ किलोच्या वर, आणि मांस कुजून तयार झालेला अमोनिया आणखी खाणार. समुद्राच्या पाण्यात लिटरला ६५ मि.ग्रॅ.च्या वर ब्रोमाइड असल्यामुळे क्लोरीनचे ब्रोमीन होते आणि मागे ब्रोमीनयुक्त सेंद्रिय पदार्थ राहतात. लोहाचे क्षार घालून काळा आयर्न सल्फाइड पाडण्याचाही विचार झाला. पण तो गाळ गाळणांत बसला असता, म्हणून ती चर्चा लगेच संपली.

निवड झाली हायड्रोजन पेरॉक्साइडची. वजनाला वजन घातले तर सल्फाइडचे मुख्यतः मुक्त गंधक होते, थेट सल्फेटपर्यंत न्यायला सव्वाचार पट लागते. प्रत्यक्षात पीएच ८ च्या आसपास दोन्ही क्रिया एकत्र चालतात, म्हणून पुस्तकातला आकडा न घेता पाच बाटल्यांत १, १.५, २, ३ आणि ४.२५ पट मात्रा घालून पाहिली. ९० मिनिटांनी २ पट आणि त्यावरच्या बाटल्यांत सल्फाइड सापडला नाही. १ पटीची बाटली ताकासारखी पांढरी झाली होती. तो पांढरेपणा म्हणजे गंधकाचे अतिसूक्ष्म कण. नामिबियाच्या किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळातून सल्फाइड वर आला की पाण्यावर जे दुधाळ हिरवट पट्टे उपग्रहांनाही दिसतात, तेही असेच गंधकाचे कण असतात.

३ पट मात्रा ठरली. सुमारे ४६५ ग्रॅम सल्फाइडला १.४ किलो पेरॉक्साइड, म्हणजे ३५ टक्क्यांचे द्रावण साडेतीन लिटर. ते १०० लिटर समुद्राच्या पाण्यात पातळ करून, टाकीचे पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या ओढीत ४० मिनिटांत सोडले. हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल सक्तीचे होते. हवा रात्रभर चालू ठेवली. ११ तासांनी सल्फाइड मोजता येत नव्हता. पेरॉक्साइडची पट्टी शून्यावर यायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. वाळूची गाळणे उलटी धुऊन घेतली, कारण त्यात अडकलेले गंधकाचे कण म्हणजे साठाच असतो. ऑक्सिजन संपला की जिवाणू त्याचा पुन्हा सल्फाइड करतात.

मोजणीत एक चूक झाली होती ती इथेच सांगायला हवी. मिथिलीन ब्लू पद्धतीत (क्लाइनने १९६९ मध्ये मांडलेली, ६७० नॅनोमीटरला वाचायची) पहिल्या नमुन्याचा रंग फार गडद आला, म्हणून रंगीत पाणीच पातळ करून वाचले आणि आकडा ६ मि.ग्रॅ. आला. पण सल्फाइड जास्त असला की अभिकर्मक (रंग आणणारे रसायन) आधीच संपतो आणि नंतर पातळ करून हरवलेला रंग परत येत नाही. नमुना अभिकर्मक घालण्यापूर्वी पातळ करावा लागतो. तसे केल्यावर ११ आला. पहिल्या आकड्यावर मात्रा काढली असती तर ती जवळपास निम्मी पडली असती. बाटलीत आधी झिंक अॅसिटेट, मग हवेचा बुडबुडा न ठेवता पाणी, हा क्रमही चुकू नये. सल्फाइड झिंकसोबत गाळ होऊन बसला की तो उडत नाही आणि ऑक्सिजनही त्याला सहजी खात नाही.

तिसरा निर्णय : नळाची सफाई

नळात आता समुद्राचे नवे पाणी आले होते, पण भिंतीवरचे मेलेले जीव तसेच होते. एका रात्रीत ऑक्सिजन ०.८ मि.ग्रॅ.वर आणि सल्फाइड २ मि.ग्रॅ.वर पोचला. पाणी बदलून काम भागणार नव्हते.

फोमचा गोळा नळातून ओढून भिंत खरवडणे हा खरा उपाय. त्यासाठी समुद्राकडच्या टोकाशी पाणबुडा हवा होता आणि तो आठवडाभर मिळणार नव्हता. म्हणून टाकीतल्या दुरुस्त झालेल्या पाण्यात लिटरला ५० मि.ग्रॅ. प्रमाणे क्लोरीन मिसळून (१२ टक्के हायपोक्लोराइट १३ लिटर) ते किनाऱ्याकडून उलटे नळात ढकलले आणि सहा तास ठेवले. पाणी परत टाकीत ओढले तेव्हा १२ मि.ग्रॅ. क्लोरीन शिल्लक होते. थर मेला होता, पण निघाला नव्हता. म्हणजे कुजायला तयार खाद्य नळात उलट वाढले होते.

शिल्लक क्लोरीन मारायला हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट वापरतात. नेहमीच्या सढळ हिशेबाने १ ग्रॅम क्लोरीनला ७ ग्रॅम स्फटिक. ३७७ ग्रॅम क्लोरीनला २.६ किलो पुरले असते. टाकीत २५ किलोचे अख्खे पोते गेले. जास्त पडल्याने बिघडत नाही, ही समजूत त्यामागे होती. क्लोरीनची पट्टी शून्य दाखवते तेव्हा हायपो बरोबर पडला की दहापट, हे ती सांगत नाही. टाकी घासायची असल्यामुळे तेच पाणी नळात परत ढकलले. दुसऱ्या दिवशी पंपाचे सील गेले आणि पाणी चार दिवस तिथेच राहिले.

चार दिवसांनी वास परत आला.

थायोसल्फेट पीएच ८ ला ऑक्सिजनशी स्वतःहून जवळजवळ अभिक्रिया करत नाही, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. जिवाणूंसाठी मात्र तो गंधकाच्या चक्रातला चौरस्ता आहे. ऑक्सिजन असेल तर ते त्याचे सल्फेट करतात. ऑक्सिजन नसेल तर काही जिवाणू त्याच्या एका रेणूचे दोन तुकडे करतात, एक सल्फेट आणि एक सल्फाइड, आणि त्यावरच जगतात. १९८७ पासून ही क्रिया सूक्ष्मजीवशास्त्राला माहीत आहे. क्लोरीनने खाऊनही नळात थायोसल्फेटचे ९० मोल उरले होते. त्याचे सल्फेट करायला मोलला दोन मोल ऑक्सिजन लागतो आणि नळातला सगळा ऑक्सिजन होता ६.३ मोल. म्हणजे ९० पैकी ३ मोलांची सोय होती. उरलेल्याला दुसरी वाट धरावीच लागली.

चौथा निर्णय : कोणता आकडा खरा?

आयोडीन अनुमापनाने (नमुना किती आयोडीन खातो ते मोजून) सल्फाइड ५२ मि.ग्रॅ. आला. पहिल्या प्रसंगापेक्षा हा जास्त होता आणि पेरॉक्साइडची मोठी मात्रा काढून तयारही झाली होती. ती थांबवली एका साध्या प्रश्नाने : आयोडीन खाणारे या पाण्यात दुसरे काय आहे?

थायोसल्फेटही आयोडीन खातो. प्रयोगशाळेत आयोडीन मोजायला वापरतात तोच. म्हणून नमुन्यात झिंक अॅसिटेट घालून सल्फाइडचा गाळ बसवला, वरचे पाणी ओतून टाकले, गाळ धुतला आणि त्याचेच अनुमापन केले. आकडा आला १४. उरलेले ३८ थायोसल्फेटचे होते. दोन रेणू मिळून एक आयोडीन खातात हे लक्षात घेता ते २.४ मिलिमोल भरतात. सुरुवातीला होते २.९. घट ०.५, आणि १४ मि.ग्रॅ. सल्फाइड म्हणजे ०.४४ मिलिमोल. मेलेल्या थराचाही वाटा असणार, पण हा मेळ पाहता बोट हायपोकडेच जाते. इतका थायोसल्फेट असताना मिथिलीन ब्लूवरही विसंबता येत नाही, तो रंग उमटू देत नाही. गाळ वेगळा करणे दोन्ही पद्धतींत आवश्यक होते.

५२ धरून पेरॉक्साइड घातले असते तर सल्फाइडच्या मानाने जवळपास चौपट पडले असते.

शेवटी काय केले आणि काय निष्पन्न झाले

नळातले पाणी १५० घनमीटरच्या रिकाम्या तळ्यात घेतले आणि समुद्राच्या पाण्याने १२० घनमीटरपर्यंत वाढवले. ४४० ग्रॅम सल्फाइडसाठी १.३ किलो पेरॉक्साइड पुरले. थायोसल्फेट जिवाणूंवर सोडला आणि पाते फिरवून हवा दिली. त्याला ५ किलो ऑक्सिजन लागणार होता, पण खरी काळजी पीएचची होती. थायोसल्फेटचा एक मोल सल्फेट होताना दोन मोल आम्ल सुटते. ७६ मोलांचे १५२ झाले. मूळच्या ३१ घनमीटरमध्ये हे लिटरला ४.८ मिलिइक्विव्हॅलंट भरते, पाण्याच्या अख्ख्या क्षारतेपेक्षा जास्त. पीएच कोसळला असता आणि काम करणारे जिवाणूही थांबले असते. पाणी वाढवल्यावर हा भार १.३ वर आला. वर ८ किलो खाण्याचा सोडा घातला. पीएच ७.६ ते ८.० मध्ये राहिला आणि पाच दिवसांत थायोसल्फेट मोजता येईनासा झाला.

पाणबुडा आल्यावर फोमचा गोळा दोनदा ओढला. सुमारे ७० किलो कवचे आणि काळा चिखल निघाला. त्यानंतर ४५ मिनिटे फ्लश करून पाणी तळ्यात घेतले. सल्फाइड मोजण्याच्या मर्यादेखाली आणि ऑक्सिजन ६ च्या वर गेल्यावरच टाकीचा व्हॉल्व्ह उघडला. त्या दोनशे पिल्लांशिवाय आणखी मासे गेले नाहीत, पण फिरत्या पाण्यावर जादा दिवस काढल्यामुळे प्रजननाचा एक हंगामी टप्पा हुकला.

वेगळे काय करता आले असते

सगळ्यात स्वस्त उपाय बंदच्या काळातच होता : जनरेटरवर पंप बारा तासांतून एकदा ४० मिनिटे चालवून पाणी बाहेर सोडणे. नळातला ऑक्सिजन संपू द्यायचा नाही, बस. केंद्राने आता हेच स्वीकारले आहे.

नळ रिकामा करून ठेवण्याची सूचना आली होती. ती धोक्याची आहे. एचडीपीई पाण्यापेक्षा हलके असते, आत हवा भरली आणि वजने पुरेशी नसली तर नळ तळापासून उचलला जातो. गोडे पाणी भरून ठेवणे चांगले, कारण सल्फेटच काढून घेतले जाते. पण समुद्राकडचे तोंड झाकण लावून बंद करावे लागते, नाहीतर जड खारे पाणी तळाने आत सरकत येते. नायट्रेट सोडण्याचा पर्यायही विचारात घेण्याजोगा आहे. काही जिवाणू सल्फाइडच्या ५ रेणूंसाठी नायट्रेटचे ८ वापरून त्याचे पुन्हा सल्फेट करतात. मात्र ते पाणी पुढे कुठे जाणार हे आधी ठरलेले हवे.

फ्लशची वेळ मिनिटांत लिहिणे बंद झाले आहे. कार्डावर आता नळाची लांबी, व्यास आणि त्यात मावणारे पाणी लिहिलेले आहे. त्याच्या दीडपट पाणी बाहेर गेल्यावर चाचणी, आणि चाचणी पास झाल्यावर व्हॉल्व्ह. पिल्लांचा फाटा टाकीच्या पुढे हलवला आहे. हायपोच्या डब्यावर क्लोरीनच्या ग्रॅमनुसार मात्रेचा तक्ता चिकटवला आहे आणि शेजारी वजनकाटा ठेवला आहे. संपविहिरीच्या झाकणाला कुलूप आहे, त्याची किल्ली गॅस मीटरच्या पेटीत असते.